स्वस्तातला कंडेन्सर

“काही बोलून घ्यायचं असेल तर घ्या,” असं म्हणून डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. बाबांच्या घशातली गाठ स्वरयंत्राला चिकटलेली आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही, तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळतेय, हे सगळं त्यांनी आधी कागदावर चित्र काढून रीतसर समजावलं होतं आणि तेव्हा त्याला विशेष काही वाटलं नव्हतं. समोरचा माणूस आकृती काढायला लागला की तो निम्मा निर्धास्त होई. आकृती आहे म्हणजे कुणीतरी आधी विचार केलेला आहे. पण ‘बोलून घ्या’ याची आकृती नव्हती. प्रवासाला निघालेल्या माणसाला पाणी पिऊन घे म्हणतात, तितक्या सहज ते म्हटलं गेलं होतं. शेजारच्या खुर्चीवर बाबा ताठ बसले होते, गळ्याभोवती मफलर, उन्हाळा असो नसो. “माझं सगळं बोलून झालंय, डॉक्टर,” ते म्हणाले, “आयुष्यभर दुसरं केलं काय?” आवाज खरवडलेला होता, मधूनच पोकळ होत होता, पण वाक्य कुठे उचलायचं आणि कुठे टाकायचं ते अजून शाबूत होतं. डॉक्टर हसले. परक्या माणसांना बाबा नेहमीच असं हसवत आले होते. बाहेर आल्यावर बाबा बाथरूमला गेले आणि तो कॉरिडॉरमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. आता रडू येईल असं त्याला वाटलं. ते आलं नाही. त्याऐवजी त्याने मोबाइल काढला आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत टाइप केलं: घरी रेकॉर्डिंगसाठी चांगला, परवडणारा कंडेन्सर माइक. बाबा परत येईपर्यंत तीन नावं पक्की झाली होती.

तीनच, कारण दोनांवर त्याचा विश्वास बसत नसे आणि चौथ्याला वेळ जातो. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात तो खरेदी विभागात होता. बेअरिंग असोत, खोकी असोत नाहीतर कँटीनचे पेले, तीन कोटेशनं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, डावीकडे गुणविशेष, वर पुरवठादारांची नावं, आणि खाली सही. या तक्त्याने त्याला इतकी वर्षं सांभाळलं होतं. तक्ता असला की निर्णय आपण घेतलेला नसतो. चुकलं तरी कुणी आपल्या नावाने बोटं मोडत नाही. घरचा फ्रिज त्याने असाच घेतला, मुलीची शाळाही अशीच ठरवली. बाबा एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले होते, “आमच्या चिरंजीवांनी लग्नालासुद्धा तीन कोटेशनं मागवली होती,” आणि सगळे हसले, त्याची बायकोही हसली, आणि ती हसली म्हणून त्यालाही हसावं लागलं. त्या संध्याकाळी त्याने लॅपटॉप उघडून माइकांचा तक्ता मांडला. किंमत. वजन. माइकचा स्वतःचा खरखराट किती. हळू आवाज किती लांबून पकडतो. वॉरंटी. एक ओळ ‘४८ व्होल्ट’ अशीही होती. तिन्ही रकान्यांत ‘हो’ आलं, तेव्हा शिरस्त्याप्रमाणे त्याने ती ओळच काढून टाकली. जी गोष्ट तिघांतही सारखी, तिने तुलना होत नाही. बायको मागून येऊन बघत उभी राहिली. “मोबाइलवर बोलायला लाव की त्यांना,” ती म्हणाली, “आत्ता. मी चहा देते, तू बटण दाब.” त्याने मान न वळवता विचारलं, “बाबांचा आवाज? मोबाइलवर?” तिने खांदे उडवले. तिला त्यातलं काय कळणार होतं, असं त्याला वाटलं. आणि आपल्याला तरी काय कळतंय, असंही लगेच वाटलं.

बाबांचा आवाज म्हणजे काय चीज होती ते तिला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांनाच माहीत होतं. बाबा रेडिओवर निवेदक होते. बसमध्ये त्यांनी तिकीट मागितलं तरी दोन माना वळत. एकदा एका दवाखान्यात आंधळी बाई नुसत्या आवाजाच्या रोखाने चालत आली होती आणि त्यांचा हात धरून उभी राहिली होती. लोकांना तो आवाज आपला वाटे. घरात मात्र त्या आवाजाची नुसती राखण चाले. संध्याकाळची ड्यूटी असली की सकाळपासून आई कुजबुजत बोले, भांडी फडक्यावर उपडी घाली, त्याला म्हणे, हळू, त्यांना आज बोलायचंय. बाबा गरम पाण्याचे घोट घेत खिडकीशी बसत आणि हाताने खुणा करत. जेवताना एकच शब्द येई, “मीठ.” तोही जपून काढलेला, किल्ली लावून ठेवलेल्या कपाटातून काढल्यासारखा. मग संध्याकाळी रेडिओतून तोच माणूस विचारी, “काय मंडळी, कसे आहात? दिवस कसा गेला?” आणि विचारताना इतका मऊ होई, इतका थांबून ऐकल्यासारखा करी, की एकदा, तेव्हा तो पहिलीत असेल, जमिनीवर बसून चित्र रंगवता रंगवता तो रेडिओला म्हणाला, “बरा गेला. पण खडू मोडला.” आई पहिल्यांदा हसली. मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि उठून स्वयंपाकघरात गेली. ती आता नाही. त्या जुन्या टेपाही नाहीत. एकावर दुसरं भरायची तिथली पद्धत होती, बाबांच्या आवाजावर पुढे पिकांवरच्या फवारणीची माहिती भरली गेली. आणि असत्या तरी त्यांत ‘मंडळी’च असते. त्याला मंडळी नको होती. त्याला तो आवाज एकदा आपल्याशी बोलायला हवा होता, आपल्याला तू म्हणून, खडू मोडला तर मोडला म्हणून, आणि मग तो कायमचा आपल्याजवळ हवा होता, हवा तेव्हा लावता येईल असा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला सांगितलं की मुलीसाठी करतोय, नातीला आजोबांचा आवाज राहील. मुलगी परगावी होस्टेलवर होती आणि आजोबांना आठवड्यातून एकदा हसरे चेहरे पाठवायची.

तक्ता वाढत गेला. तिघांतला एक मधेच कुठे मिळेनासा झाला म्हणून चौथा घ्यावा लागला, आणि चौथ्याबद्दल लोक इतकं चांगलं बोलत होते की त्याला संशय आला. ऑफिसातून आल्यावर तो हेडफोन लावून बसे आणि कुठकुठल्या खोल्यांतली तरणी पोरं एकच वाक्य पाच माइकांवर म्हणून दाखवत ते ऐके. या माइकला तळाशी ऊब आहे. हा जरा टोचतो. याच्यात श्वास ऐकू येतो. तो डोळे मिटून श्वास ऐके, कुणा अनोळखी मुलाचे, आणि पलीकडच्या खोलीत बाबा खोकत. हेडफोनमुळे खोकला लांबून आल्यासारखा वाटे. बाबांचा आवाज दिवसेंदिवस उतरत होता. पहिल्या आठवड्यात तो खरवडलेला होता. दुसऱ्या आठवड्यात दुपारनंतर वाक्याचं शेपूटच नाहीसं व्हायला लागलं. इकडे तो माइकच्या खरखराटातला किंचितसा फरक पुन्हा पुन्हा तपासत होता आणि तिकडे आवाजच सगळा खरखराट होत चालला होता. हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि दिसलं की तो आणखी एक पान उघडून वाचायला लागे. “माइक घेतोयस की जावई शोधतोयस?” बायको म्हणाली. बाबांना कळल्यावर तेही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. “कंडेन्सर?” ते म्हणाले. “या घरात? त्याला सगळं ऐकू जातं, बाबा रे. पंखा, नळ, लिफ्ट. माणूस सोडून सगळं.” आणि मग हसले, पण हसण्याला आवाज नव्हता, नुसता पट्टा घासल्यासारखं काहीतरी झालं आणि ते भिंतीला धरून उभे राहिले. पाणी द्यायला तो उठला, पण बायको आधी पोचली होती.

त्यांच्या तोंडून ‘बाबा रे’ आलं ते त्याने लक्षात ठेवलं. चिरंजीव, साहेब, खरेदी अधिकारी, असलं काहीतरी ते त्याला नेहमी म्हणत. नावाने हाक मारल्याचं आठवतं ते एकदाच, आणि ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. तो नऊ वर्षांचा असताना मुलांच्या कार्यक्रमासाठी आवाज निवडायचे होते. आईने त्याला भांग पाडून पाठवलं. थंडगार खोली, भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे, मध्ये दांड्यावर माइक, आणि मोठ्या काचेच्या पलीकडे बाबा, दोन माणसांच्या मध्ये बसलेले. बाबा माइकवरून त्याचं पूर्ण नाव घेऊन म्हणाले, “सुरू कर.” आपलं नाव त्या आवाजात ऐकून त्याला इतका आनंद झाला होता की पहिली ओळ त्याने जवळजवळ ओरडून म्हटली. दुसऱ्या ओळीला काचेमागे हात वर झाला. “नाकात बोलतोय,” बाबा म्हणाले. त्याला नाही, शेजारच्या माणसाला. पण बटण दाबलेलंच होतं, खोलीभर ऐकू आलं. “पुढचा.” नंतर सगळ्यांनी बाबांची वाहवा केली. स्वतःच्या मुलाला सुद्धा सोडलं नाही, याला म्हणतात माणूस. घरी येताना बाबा बसमध्ये खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी काही सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. आणि मग बोलायचं नाही ही सवयच झाली दोघांची. फोनवर पुरवठादारांशी बोलताना अजूनही तो पहिल्या वाक्याला नाकावर बोट ठेवतो. शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट म्हणते, साहेबांना शिंक येतेय.

शेवटी तिसऱ्या आठवड्यात तो वाद्यांच्या दुकानात गेला. केस मागे बांधलेला, नखं वाढवलेला दुकानदार, सगळे त्याला गिटारवाला म्हणत. त्याने काउंटरवर मखमलीचा तुकडा अंथरून त्यावर माइक ठेवले. हातात घेतल्यावर ते थंड आणि अपेक्षेपेक्षा जड लागले. जड असलेलं त्याला बरं वाटलं. जड वस्तूत फसवणूक कमी असते असा त्याचा खरेदीतला अनुभव होता. गिटारवाल्याने चांगले प्रश्न विचारले, कुणासाठी, बोलणं की गाणं, खोली केवढी. आणि त्याने खरेदीत मुरलेल्या माणसासारखी उत्तरं दिली, म्हणजे नेमकं काहीच सांगितलं नाही. विक्रेत्यासमोर आपल्याला काय कळत नाही ते दाखवायचं नाही, आपल्याकडे काय नाही ते तर मुळीच नाही, हे तो विभागातल्या नव्या मुलांना शिकवत असे. आपण एकदा ‘नाही’ म्हटलं की बिलात एक ओळ वाढते. “इंटरफेस आहे ना घरी?” गिटारवाल्याने विचारलं. “आहे,” तो म्हणाला. इंटरफेस म्हणजे त्याच्या समजुतीप्रमाणे लॅपटॉपमधलाच काहीतरी भाग. “केबल?” “आहे.” केबल त्याने आधीच स्वस्तात मागवली होती, एका टोकाला माइकच्या तीन पिनांची जोडणी आणि दुसऱ्या टोकाला लॅपटॉपच्या भोकात बसणारी बारीक पिन. गिटारवाल्याने “मग प्रश्नच नाही” म्हणून तिघांतला मधल्या किमतीचा माइक खोक्यात घातला. त्याने घासाघीस करून स्टँड फुकटात पदरात पाडून घेतला. घरी येताना तो खुशीत होता. सिग्नलला थांबल्यावर त्याने शेजारच्या सीटवरचं खोकं दोनदा चाचपलं. इतक्या वर्षांत बाबांसाठी काही विकत घ्यावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि आता वाटलं ते या वयात, हे त्याला जरा हास्यास्पदही वाटलं.

रविवारची दुपार ठरली. सोमवारी दाखल व्हायचं होतं. त्याने दाराला रजई टांगली, खिडकीला दुसरी, पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला. बायको दोघांचे मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला लावून खाली बाकावर जाऊन बसली, “मी श्वास घेतला तरी तुम्हाला त्रास,” असं म्हणून. बाबांनी अंगात इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते माइकसमोर बसले आणि खुर्ची एवढीशी मागे घेतली, सवयीने, कुणी न सांगता. मग त्यांनी माइककडे बघितलं, त्याच्या खालून निघालेल्या वायरकडे बघितलं, वायर टेबलावरून कुठे जाते तिकडे बघितलं, लॅपटॉपच्या कडेला बघितलं. मग त्याच्याकडे. “मजकूर?” त्यांनी विचारलं. मजकूर नव्हता. इतके आठवडे माइक निवडण्यात गेले आणि बाबांनी काय बोलावं याचा विचारच झाला नव्हता. “काहीही बोला,” तो म्हणाला, “तुम्हाला वाटेल ते. मुलीसाठी.” बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मजकुराशिवाय ते जन्मात कधी माइकवर बोलले नव्हते. रेडिओवर ‘दिवस कसा गेला’ हेसुद्धा कागदावर लिहिलेलं असे, ते त्याने मोठेपणी एकदा त्यांच्या टेबलावर पाहिलं होतं आणि दोन दिवस जेवला नव्हता. “बरं,” बाबा म्हणाले. त्याने बटण दाबलं. पडद्यावर लाल ठिपका आला आणि एक आडवी रेघ सरकायला लागली.

बाबा बोलायला लागले आणि रेघ हलली नाही. पहिल्यांदा त्याला वाटलं, हळू बोलतायत. त्याने आवाजाची पट्टी वर सरकवली. रेघ तशीच सरळ. शेवटपर्यंत वर नेली. सूतभर जाड झाली, बस. बाबा म्हणत होते, “...तुझी आई मला म्हणाली होती की तू...” आणि त्याने टेबलाखाली हात घालून पिन दाबून पाहिली. बसलेली होती. माइकच्या पोटाजवळची जोडणी लांबून तर ठीक दिसत होती. बिघडलेला दिला का? फुकटच्या स्टँडच्या नादात माथी मारला का? बाबांचा आवाज त्या दिवशी नवल म्हणावं इतका लागला होता. खरवडलेला होता, मध्ये मध्ये हवा जात होती, पण वाक्यं शेवटापर्यंत पोचत होती, आणि ती मंडळींची वाक्यं नव्हती, अडखळणारी, परत मागे जाणारी, मजकूर नसलेल्या माणसाची वाक्यं होती. एवढं त्याला कळलं. आणि यातलं काही राहत नव्हतं. थांबवावं. बाबा, एक मिनिट. मोबाइल आणावा, नाहीतर लॅपटॉपचा स्वतःचा माइक चालू करावा. पण त्यासाठी हे थांबवायला हवं, थांबवलं की बाबा खिशातून चष्मा काढतील आणि बघतील, काही बोलणारही नाहीत, नुसतं बघतील, काचेमागून बघितलं होतं तसं. एवढे आठवडे, एवढा तक्ता, आणि साधा माइक चालू करता आला नाही खरेदी अधिकाऱ्यांना. तो मान डोलवत राहिला. चेहऱ्यावर ऐकल्यासारखं ठेवून तो मनात केबल पिनेपासून पिनेपर्यंत तपासत होता. “...काचेमागे बसलो होतो ना...” असं मधेच ऐकू आलं, आणि “घाबरलो”, कोण घाबरलं ते नाही आलं, आणि पुढे “तिलासुद्धा कधी सांगितलं नाही मी”, आणि त्याने सेटिंगची यादी उघडली, बाहेरचा माइक निवडलेला होता, बरोबर होता, सगळं बरोबर होतं. रेघ सरळ. घाम कानामागून उतरून कॉलरमध्ये जात होता. बाबा केव्हातरी थांबले होते. त्यांचे डोळे ओले होते की रजयांनी कोंडलेल्या खोलीत त्यांनाही घाम आला होता, ते त्याला ठरवता आलं नाही. “झालं,” ते म्हणाले. “बंद कर.” त्याने बटण दाबून लाल ठिपका घालवला. नीट आलं का, लावून दाखव, असं त्यांनी विचारलं नाही, आणि ही त्यांची नेहमीची तुच्छता असं त्याने धरलं. उठताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, भार देऊन, आधारासाठी ठेवतात तसा.

गिटारवाल्याला त्याने जिन्यात उभं राहून फोन केला. “इंटरफेस कुठला आहे तुमच्याकडे?” “लॅपटॉपच.” “अहो, कंडेन्सरला बाहेरून वीज द्यावी लागते. अठ्ठेचाळीस व्होल्ट. ती वेगळ्या डबीतून येते, तिला इंटरफेस म्हणतात. मी विचारलं होतं तुम्हाला.” “म्हणजे असा नुसता जोडला तर—” “नुसता जोडलात तर त्याच्यासमोर बोललात काय नि भिंतीसमोर बोललात काय.” गिटारवाला वाईट माणूस नव्हता, उद्या सकाळी दुकान लवकर उघडतो म्हणाला. त्या संध्याकाळी त्याने ती दुपार परत ऐकायचा प्रयत्न केला, डोक्यात. रेघ स्वच्छ दिसत होती. पट्टी, पिन, लाल ठिपका, सगळं जसंच्या तसं. शब्द मात्र तीन-चारच हाताला लागत होते आणि त्यांच्यामधलं वाक्य लागत नव्हतं. सोमवारी सकाळी त्याने डबी आणली, जन्मात पहिल्यांदा एकाच दुकानातून, सांगितलेल्या किमतीला. घरी आला तेव्हा बाबा पिशवीत टॉवेल भरत होते. आता सांगायचं, की काल चुकलं, माझी चूक, परत बोला. अजून तासभर होता. “काय आणलंस?” बाबांनी विचारलं. आवाज कालच्यानंतर पार बसला होता, कान द्यावा लागत होता. खोक्यावर डबीचं रंगीत चित्र होतं. “ऑफिसचं आहे,” तो म्हणाला. बाबांनी चित्राकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. “बरं,” ते म्हणाले, आणि टॉवेलाची घडी उलगडून पुन्हा घातली. गाडीत बसल्यावर ते काहीतरी म्हणाले तेव्हा शेजारून ट्रक जात होता. त्याने “काय?” विचारलं. त्यांनी हातानेच राहू दे म्हटलं.

ऑपरेशन चांगलं झालं असं सगळे म्हणाले. बाबांच्या गळ्याच्या मुळाशी आता एक भोक होतं, त्यातून श्वास येई-जाई, खोकला आला तरी तोंड मिटलेलंच राही. नर्सने त्यांना लहान मुलांची पुसायची पाटी आणि पेन दिलं होतं. अक्षर अजून देखणं होतं. पाणी. दिवा. कोण आलंय. ते लिहीत तेव्हाही त्यांचे ओठ हलत, आणि ते हलणारे ओठ त्याला बघवत नसत. तो खिडकीशी उभा राहून खालच्या पार्किंगमधल्या गाड्या बघे. त्यांना बरं वाटायला लागलं त्या दिवशी बायको उशी नीट करता करता म्हणाली, “आता घरी गेलो की ऐकू आपण सगळे. रविवारी भरपूर बोललात म्हणे तुम्ही. नातसुद्धा येतेय.” तो खिडकीपासून वळला. बाबांनी पेन घेतलं. त्यांनी लिहून पाटी तिच्याकडे नाही, त्याच्याकडे धरली. ‘त्यात काही नाही.’ बायको हसत होती ती थांबली. बाबांनी पंजाने पुसलं, परत लिहिलं. ‘वीज नव्हती. बसल्या बसल्या बघितलं.’ त्याला वाटलं जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. पण बाबांच्या चेहऱ्यावर ते काचेमागचं बघणं नव्हतं, ज्याची तो इतकी वर्षं वाट बघत आला होता. ते सावकाश पुसत होते. पुसून लिहिलं, ‘म्हणून तर बोललो.’ आणि मग, जरा थांबून, खाली लहान अक्षरात, ‘माइक चालू असता तर जमलं नसतं.’

तो पलंगाच्या कडेशी येऊन बसला. बाबांनी पाटी संपूर्ण पुसली, कोपऱ्यांसकट, आणि बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं. मग लिहिलं आणि ती पाटी त्याच्या मांडीवर ठेवली. ‘ऐकलंस ना?’ त्या दोन शब्दांना त्याच्याजवळ काहीतरी उत्तर असायला हवं होतं. काचेमागे बसलो होतो ना. घाबरलो. तिलासुद्धा सांगितलं नाही. त्याने ते तुकडे घाईघाईने पुन्हा एकदा जोडून पाहिले, आणि मध्ये पुन्हा ती सरळ रेघ आली. बाबा त्याच्या तोंडाकडे बघत होते, थांबून ऐकणाऱ्या माणसासारखे नाही, खरोखरच थांबून. “हो,” तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला ऐकू आला, नाकातला. बाबांनी बोटाने हवेत गोल काढला: सगळं? “सगळं,” तो म्हणाला. त्यांनी मान टेकली. गळ्यातल्या भोकातून एक लांब श्वास बाहेर आला आणि त्यांचा हात येऊन त्याच्या हातावर पडला, तिथेच राहिला, झोप लागल्यावरसुद्धा. खूप वेळाने नर्स पडदा ओढायला आली तेव्हा त्याने आपला हात काढून घेतला. लिफ्टपाशी बायको त्याच्या शेजारी उभी होती. लिफ्ट येत नव्हती. “काय म्हणाले होते रे बाबा?” तिने हळूच विचारलं.

“ते आमच्या दोघांतलं आहे,” तो म्हणाला.

तिने मान डोलावली. आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच ती त्याच्याकडे आदराने बघत राहिली.